तिच्या अंगणात मी रडले नाही

लोकांची भांडणं सोडवायला मला जिल्हाभर बोलावतात. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून डोकी फुटलेले भाऊ, पळून गेलेल्या पोरीचा बाप आणि पोराचा बाप, नको ते सोसून मुक्या झालेल्या बाया, सगळ्यांसमोर मी सतरंजीवर बसले आहे. लोक म्हणतात, "मॅडम आल्या का तोडगा निघतेच." काय सांगू बापा तुम्हाला! माझी सख्खी मोठी बहीण हिंगणघाटजवळच्या एका गावात राहते, वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी मेघेच्या माझ्या घरापासून एसटीनं दीडेक तासावर. आणि तिच्या-माझ्यातलं मला काही म्हणजे काही सोडवता आलं नाही.

आई लवकर गेली. मोठ्या बहिणीला मी बाई म्हणते. तिनंच मला वाढवलं. माझ्या वेण्या घातल्या, उवा काढल्या, मी वर्ध्याला कॉलेजात जावं म्हणून बापाशी कडकडून भांडली. मी शिकले, समुपदेशक झाले. मनावर घाव बसलेल्या माणसाशी कसं वागायचं याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. आवाज खाली ठेवायचा. विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. गर्दी, गोंगाट बाजूला करायचा. माणूस भेदरला असेल तर त्याला भानावर आणायला म्हणायचं, आजूबाजूला काय काय दिसतं ते सांग. तो सांगतो, पंखा दिसतो, खिडकी दिसते, आणि हळूहळू त्याचा श्वास जागेवर येतो. पद्धत चांगली आहे. तिनं कितीतरी जण सावरलेले मी पाहिलेत.

नऊ वर्षांपूर्वी बाईची पोरगी गेली. स्कूटीवर कॉलेजला निघाली होती, हायवेवर ट्रकनं उडवलं. एकोणीस वर्षांची होती. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती.

आमच्याकडे मयतीच्या घरी माहेरची बाई फाटकापासूनच हंबरडा फोडत येते. घरातली बाई तिचीच वाट पाहत असते. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात, गेलेल्या माणसाचं एकेक आठवून बोलून बोलून रडतात, आणि मग सगळं अंगण रडतं. माहेरचं म्हणून बाईला मी एकटीच उरले होते. मला पाहून बायांनी वाट करून दिली. बाईनं दोन्ही हात पुढे केले.

आणि मी काय केलं? मी तिच्यासमोर उकिडवी बसले, हाताच्या अंतरावर. मागे वळून बायांना म्हटलं, "जरा शांत राहा. तिला त्रास होतोय. थोड्या मागे सरका." मोठी शहाणी मी! बाया गप झाल्या, सरकल्या. मग मी आवाज खाली आणून म्हटलं, "बाई, श्वास घे. आजूबाजूला काय काय दिसते, मले सांग."

बाईचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग तिनं ते आपल्या मांडीवर ठेवले.

"माही पोरगी दिसते," ती म्हणाली.

पोरगी समोरच निजवलेली होती.

मला रडू येत नव्हतं असं नाही हो. घशात गोळा आला होता, तो मी गिळला. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या दुःखासमोर गिळत आले होते, सवयच लागली होती. आणि खरं सांगते, थोडी घमेंडही होती. माझ्या बहिणीच्या गावाला दिसावं, ही शिकलेली बाई कशी सांभाळते ते. पोरीला उचललं तेव्हाही त्या अंगणात कोणी मोठ्यानं रडलं नाही. मॅडमनं सांगितलं होतं ना!

तेरवीच्या दिवशी भांडी आवरताना बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्या पोरीसाठी माह्या घरी कोणी रडलं नाई. तू आली अन् सगळ्याईले चूप बसवलं." बस, एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला पुढचं जमलं असतं. रागावलेल्या माणसासोबत काय करायचं हे मला कळतं. पण बाई रागावलीच नाही. मी गेले की चहा देते, खुशाली विचारते, एसटीची वेळ झाली की आठवण करून देते.

माझं काम मात्र त्या दिवसापासून बदललं. एका गावात दोन भावांची बैठक होती. धुऱ्याच्या भांडणात धाकट्याचा डोळा गेला होता. बोलणं सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या म्हाताऱ्या आईनं गळा काढला. माझ्यासोबतची नवी कार्यकर्ती तिला शांत करायला उठली, तर मी तिच्यावर खेकसलेच. "बस खाली! रडू दे तिला." म्हातारी रडली, तिच्यासोबत दोन्ही सुना रडल्या, मग थोरला भाऊ भिंतीकडे तोंड करून रडला. त्या दिवशी तोडग्याचं बोलणं मी काढलंच नाही. महिन्याभरात दोघं एका धुऱ्यावर उभे राहून बोलायला लागले. आता प्रत्येक बैठकीत मी रडण्याला जागा ठेवते. लोक माझं कौतुक करतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, कारण हे मी कुठे शिकले ते मलाच माहीत.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाईकडे गेले. एसटीत सगळं घोकून ठेवलं होतं. ती ओसरीवर शेंगा सोलत होती.

"काऊन वो, आज कशी काय आली?"

घोकलेलं सगळं विसरले. तिच्या पायाशी बसले आणि भडाभडा रडले. "बाई, मी चुकली. मी तुह्या गळ्यात पडाले पायजे होतं."

तिनं शेंगांची टोपली बाजूला सरकवली. माझ्या पाठीवरून हात फिरवला. हात मऊ होता, पण कोणत्याही पाहुणीच्या पाठीवरून तो तसाच फिरला असता.

"जाऊ दे. आता त्याचं काय?"

"तू रडली का मंग कधी?"

"रडली ना. जाऊसंग."

तिच्या जावेशी तिचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, विहिरीच्या पाण्यावरून. तेरवीनंतर बाई वावरात गेली, तर ती बांध ओलांडून आली आणि काही न विचारता गळ्यात पडली. कापसात बसून दोघी सांज होईपर्यंत रडल्या. ना सतरंजी, ना बैठक. बाई सांगत होती आणि तिचा चेहरा उजळत होता. "आता तिच्याबिगर माहा घास उतरत नाई," ती म्हणाली. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मी आतून जळत होते.

तेवढ्यात शेजारची नवी सून पुरणपोळीची ताटली घेऊन आली. माझे सुजलेले डोळे पाहून बिचारी दारातच थबकली. "काकू, ह्या कोण?"

"वर्ध्याच्या मॅडम आहेत," बाई म्हणाली. "लोकाईचे भांडणं सोडवतेत."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. पोरीनं ताटली ठेवली, वाकून माझ्या पाया पडली. मी बाईची बहीण आहे, एवढं त्या पोरीला सांगायला माझं तोंड उघडलं नाही.