लालबाग ते गिरगाव, व्हाया कागदावर झालेला रस्ता

गिरगावला कसं जायचं ते मी मागे सांगितलं होतं. विसरलात ना? वाटलंच मला. तुम्हाला लिहिता-वाचता येतं, म्हणून तुम्ही डोक्यात काही ठेवत नाही. मला अक्षर येत नाही, मला सगळं ठेवावं लागतं. पण तो रस्ता विसरलात ते बरंच केलंत, तो आता उरलेला नाही. मी सांगतेय, नात ऋतुजा टाइप करतेय, तेव्हा चुका तिच्या.

निघायचं कारण माझी धाकटी बहीण शालन. गिरगावातल्या वाडीत राहते, मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. या मंगळवारी तिचा मुलगा प्रकाश फोनवर म्हणाला, "मावशी, आज आईला नेता आलं नाही. दारापुढे चर खोदलाय, अँब्युलन्स नाक्यावरूनच परत गेली." शुक्रवारही चुकला तर काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, चुकवून चालायचं नाही."

गुरुवारी सकाळी मी आणि ऋतुजा लालबागहून निघालो. बसने जाणार असाल तर पाण्याची बाटली घ्या आणि वेळेची आशा सोडा. आम्ही टॅक्सी केली. एरवीपेक्षा दीडपट पैसे झाले, कारण भायखळ्यापर्यंतच तीनदा खोदकामाचे पत्रे आडवे आले. वाटेत गिरणीच्या जागी टॉवर उभा आहे. त्याच्या गेटपुढे रस्ता इतका गुळगुळीत की भाकरी थापावी. गेट संपलं की खडी सुरू.

टॅक्सीवाला म्हणाला, "आजी, हा रस्ता दिवाळीत केला, होळीला खोदला. पाइपवाले आले होते."

"आता बुजवतील?"

"आधी वायरवाले येऊन जाऊ देत."

गिरगाव नाक्यावर थालीपीठ चांगलं मिळतं, लोणी मागून घ्या. ऋतुजाने खाल्लं. मी नुसता चहा घेतला.

वाडीच्या तोंडाशी निळा बोर्ड होता. पुढे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चर, माणूस छातीपर्यंत आत जाईल एवढा, तळाला काळं पाणी. वर एकच रुंद फळी. "बोर्डावर काय लिहिलंय गं?" मी विचारलं.

"आजी, लिहिलंय की या वाडीचं काँक्रीटचं काम पूर्ण झालं."

पत्र्याच्या सावलीत ठेकेदाराचा सुपरवायझर बसला होता. सभ्य होता बिचारा, मला बघून उठून उभा राहिला. मी म्हटलं, "बाळा, हे पूर्ण झालंय तर मी उभी आहे कुठे?"

"मावशी, कागदावर रस्ता झालाय. निधी संपला. पुढे टॉवर झालाय, त्याच्या रस्त्याला जास्त पैसा लागला, म्हणून इथला तिकडे वळवला."

"मग हे बुजवायचं कोणी?"

"झालेला रस्ता बुजवायला पैसे कसे मागणार? वॉर्डातले साहेब म्हणतात, फाइल बंद आहे."

आयुष्यात खड्डे खूप पाहिलेत, त्यांची भीती वाटली नाही. त्याच्या या बोलण्याची वाटली. जो खड्डा कुणाच्या लेखी नाहीच, त्यात पडलेलं माणूस तरी कुणाच्या लेखी असणार?

शालनचे पाय सुजून उशीसारखे झाले होते. मला म्हणाली, "आलीस? मला वाटलं पत्र टाकशील." अक्षर न येणाऱ्या बहिणीला असं बोलते, दम लागलेला असतानासुद्धा.

शुक्रवारी सकाळी वाडीतले चौघे आले, दरवर्षी गणपती उचलणारे. वेताच्या खुर्चीला बांबू बांधले, शालनला बसवलं, उचललं. आणि हाताला सवय तीच, निरोपाच्या गणपतीसारखं तिचं तोंड घराकडे करून तिला पाठमोरी न्यायला लागले. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी पाहिलं तेव्हा खुर्ची फळीवर मधोमध होती. मी ओरडले, "अरे, तोंड फिरवा तिचं."

तिथेच मी चुकले. माझ्या आवाजाने चौघे थांबले. एकजण खरंच वळायला लागला. फळी कलली, मागच्याचा पाय घसरून गुडघ्यापर्यंत आत गेला, खुर्ची पाण्याकडे झुकली. प्रकाश खालच्या चिखलात उडी मारून खांद्याने फळी पेलून उभा राहिला.

वरून शालनचा आवाज आला, "ताई, तू जरा गप्प बस. मला घर दिसतंय ते बरंय, खड्डा दिसत नाही."

मग ते तिला तशीच, पाठमोरी, पलीकडे घेऊन गेले. अँब्युलन्स नाक्यावर उभी होती. डायलिसिस झालं. संध्याकाळी तशीच खुर्चीतून परत आली, तेव्हा मी तोंडात पदर धरून बसले होते.

शनिवारी लालबागला आले. घराची पायरी चढतानाही आधी पाय टेकवून पाहते, मग भार टाकते. शालन वाचली, पण एका शुक्रवारापुरती. मंगळवारी पुन्हा तीच फळी, आणि मी तिथे नसेन. नसलेलीच बरी, एका अर्थी.

तुम्हाला वाडीत जायचं असेल तर सकाळी जा, पायात पट्ट्याची चप्पल घाला, फळीवर कुणी असेल तर तोंड उघडू नका. आणि शालनसाठी काही पाठवायचं म्हणाल तर तिला काही नको, मीठ बंद, फळं बंद, पाणीसुद्धा मोजून. त्या चौघांसाठी पाठवा. नाचणीचे लाडू, तूप हात राखून नको. एका डब्याने भागायचं नाही, दर आठवड्याला पाठवत राहा.