शेजारी दुसरं ठेवल्याशिवाय

माझ्या ताईच्या दिरानं जन्मल्यावर रडायच्या आधी शेजारचं बाळ किती रडतंय ते नक्की पाहिलं असणार. शेजारी दुसरं ठेवल्याशिवाय हा माणूस कशालाच बरंवाईट म्हणत नसे. जवळा बाजार गावात जिलबी खाल्ली की दुसऱ्या गाड्यावरची आणून दोन्ही पुन्हा चाखायची, मग मत. वसमतला मुलगी बघायला गेला, तर पोहे संपवून तिच्या बापाला म्हणाला, "पोरगी चांगली दिसून राहिली, पण हिची एखादी बहीण हाय का घरात? बराबर अंदाज येत न्हाई." बापानं बहीण काढली नाही, काठी काढली.

मोठ्या शहरात तो कॅन्सरच्या गाठींवर संशोधन करायचा. तिथं ही खोड म्हणजेच नोकरी. गाठीतला डीएनए आणि त्याच माणसाच्या रक्तातला डीएनए शेजारी ठेवायचे, ठरलेली एक खूण दोन्हीकडं बघायची. गाठीत ती जास्त ठळक उमटली, की तेवढ्या तुकड्याच्या नकलांवर नकला निघाल्या समजायचं. मी सातवीत शाळा सोडलेला, म्हणून मला सांगितलं, "पंगतीला घरटी दोघं बोलावली. एक घर अख्खी वरात घेऊन आलं. ते घर कोणतं, तेवढंच शोधून राहिलो."

मोबाईल नवेनवे आले तेव्हा मायच्या छातीत गाठ निघाली. मी सुरतेच्या कारखान्यातून गावी, शिरड शहापूरला धावलो. माय ऑपरेशनला तयार होईना. पाव्हणे "बरी होशील, बरी होशील" म्हणत, तशी ती जास्तच भ्यायची. मग ताईचा हा दीर एसटीनं आला.

"मावशी, ऑपरेशन करा. अन् गाठीचा बारीक तुकडा, थोडं रक्त मला द्या."

"त्यानं मी बरी व्हईन?"

"न्हाई. तुमाला काईच फायदा न्हाई."

ताईनं कपाळावर हात मारला.

"अन् ऑपरेशननं?"

"केलेल्या अन् न केलेल्या बाया शेजारी ठेवल्या, तर केलेल्या जास्त जगतात. खात्री न्हाई."

माय कितीतरी दिवसांनी हसली. "एवढ्या पाव्हण्यांत खोटं न बोलणारं हे एकच लेकरू हाय. सांग बाबा, अंगठा कुठं लावू?"

माय पुढं बरीच वर्षं जगली. तेवढी वर्षं परमुलखात मला झोप लागली, ती त्या माणसाच्या उपकारावर. मग दुखणं उलटलं. रिपोर्ट ताईनं त्यालाच दाखवला होता. मी कारखान्याबाहेरून फोन लावला, "भाऊ, कसं हाय मायचं?"

तो म्हणाला, "व्हतील बऱ्या. काळजी नको करू."

मी त्याच दिवशी गावची गाडी धरली.