सरदाराच्या तोंडी माझं वाक्य

आमच्या गावदेवीच्या जत्रेत दरवर्षी एकच नाटक होतं. गावातल्या मास्तरांनी ते लिहिलं, मास्तर गेले, नाटक राहिलं. त्यात एक सरदार बायकोवर संशय घेतो, तिला माहेरी धाडतो आणि बारा वर्षं तिचं तोंड बघत नाही. शेवटच्या अंकात तो तिला परत बोलावतो आणि सगळं गाव डोळे पुसतं. एकोणीस वर्षं सरदाराचं काम माझा नवरा करतोय. बाईसाहेबांचं काम करायला कल्याणहून बाई आणतात. आणि मी वही घेऊन विंगेत उभी असते, प्रॉम्प्टर म्हणून.

नवऱ्याच्या पाठांतराचा आनंदीआनंदच आहे. आवाज असा की माळावरच्या गुरांनी मान वर करावी, पण डोक्यात एक वाक्य टिकेल तर शपथ. घरात मला 'ए'च्या पुढे हाक न मारणारा हा माणूस तिथे "बाईसाहेब, आपण बसावं" म्हणायचा, आणि ते 'आपण' आधी माझ्या तोंडून जायचं. मी जे देईन ते तो म्हणतो, मध्ये विचार नावाची भानगड नाही. एका वर्षी विंगेत कुणीतरी चहा आणून दिला. मी म्हटलं, "मला नको, साखर फार असते." सरदारांनी दिल्लीच्या वकिलाला तेच ठणकावून सांगितलं. गाव अजून त्याला त्यावरून चिडवतं.

मग मागच्या वर्षी आमच्यावरच सरदार आणि बाईसाहेब व्हायची पाळी आली.

आमच्या एकुलत्या एक लेकीने शहापूरला रजिस्टर लग्न केलं. आम्ही कुणबी, मुलगा बौद्ध. रेल्वेत कायम नोकरी, नवऱ्यापेक्षा पाच यत्ता जास्त शिकलेला, तंबाखूला शिवत नाही. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. पण नवऱ्याने भर दुपारी विहिरीवर जाऊन लेकीच्या नावाने आंघोळ केली. मेलेल्या माणसाच्या नावाने करतात तशी. मी ओटीवरून बघत होते आणि मला त्याचा इतका राग आला की मी त्याला टॉवेलसुद्धा नेऊन दिला नाही. पुढे मी लेकीला लपून भेटून आले हे त्याला कळलं. त्याने माझी पिशवी अंगणात ठेवली आणि म्हणाला, "जा तिकडंच." मी आटगावला भावाकडे गेले. गावातल्या अंगणवाडीतली नोकरीही सोडावी लागली. दहा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

एवढ्यात लेकीला आठवा लागला. सासू नाही, ती कधीच वारली. शहापुरात भाड्याची एक खोली, जावयाची शिफ्टची ड्युटी. मी भावजयीला विचारून पाहिलं. ती भांडी घासत होती, वर न बघता म्हणाली, "वन्सं, तुमचीच सोय आमी कशी करतो ते आमालाच ठावं." लेक फोनवर म्हणाली, "आई, पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? मला माझ्या घरी यायचंय. त्या मागच्या खोलीत, जिथे तू मला वाढवलंस." खोली त्याच्या घरात होती आणि घराची किल्ली त्याच्या करदोट्याला. मी त्याला फोन केला, त्याने कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. मोठ्या दिरांकडून निरोप पाठवला, तर उत्तर आलं की मला लेक नाय. मी मोरीत नळ सोडून रडले, कारण भावाच्या घरात रडायलाही आडोसा लागतो.

जत्रेच्या पंधरा दिवस आधी नाट्यमंडळाचे दोघे जण आटगावला आले.

"वयनी, तुमी नाय आल्या तर सरदार मुका," एक म्हणाला. "दुसऱ्याचा आवाज त्याला पकडताच येत नाय. दोन तालमी फुकट गेल्या."

"त्यांनी बोलावलंय?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "तो नको पन नाय बोलला."

मी गेले. लाज सोडून गेले. गावाजवळच वैशाखऱ्याला नणंदेच्या घरी राहिले आणि रोज तालमीला जाऊ लागले. तो माझ्याकडे बघत नव्हता. पण मी वाक्य दिलं की तो उचलत होता, एकही सोडत नव्हता. तिसऱ्या दिवशी मला ते सुचलं. शेवटच्या पानावर सरदाराचं वाक्य आहे: "देवडी उघडा. बाईसाहेब, आपण घरी यावं." मी त्याच्याखाली पेन्सिलीने माझं वाक्य लिहिलं. त्याला मनापासून वाटेल तेव्हा वाटो, एकदा सगळ्या गावासमोर त्याच्या तोंडून निघालं की मागे घेणं कठीण, असा माझा हिशेब. बुडत्याला काडीचा आधार, मला वहीचा.

हल्ली दहाला स्पीकर बंद करावा लागतो म्हणून नाटक सहालाच सुरू होतं. त्या दिवशी उजेड होता तोवर दोन अंक झाले. शेवटच्या प्रवेशाला बांबूच्या विंगेत मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. त्याच्या अंगरख्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. बाईसाहेब समोर आल्या. मी वाक्य दिलं, तो म्हणाला:

"देवडी उघडा. बाईसाहेब, आपण घरी यावं."

मी श्वास घेतला आणि पुढचं दिलं. तो म्हणाला, त्याच खणखणीत आवाजात म्हणाला:

"आणि येताना लेकीलाही आणावं. तिचं पहिलं बाळंतपण तिच्या बापाच्या घरी होईल."

नाटकातल्या सरदाराला मूलबाळ नाही, हे सगळ्या गावाला माहीत. कल्याणची बाई क्षणभर गोंधळली, पण कसलेली होती, तोंड झाकून हुंदका काढला. पुढे बसलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. मी बांबू धरून उभी होते. आख्ख्या संसारात मला त्या माणसाचं इतकं प्रेम कधी आलं नव्हतं.

पडदा पडल्यावर तो मागे आला आणि फेटा काढून, नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याच्या पेटीवर ठेवला.

"अवो," मी म्हटलं, "मग उद्या आणू तिला?"

"तू बोललीस, मी म्हनलो," तो म्हणाला. "त्यात माजं काय हाय?"

"गावाने ऐकलं."

"गावानं नाटक ऐकलं."

मी त्याचे पाय धरले. भाड्याच्या मोजड्यांवर कपाळ टेकलं. माझ्या माणसाला मी आयुष्यात कधी एवढं विनवलं नव्हतं. म्हटलं, मला नका घेऊ, मी अंगणातसुद्धा येणार नाही, तिला फक्त मागची खोली द्या, सव्वा महिना. तो मी उठायची वाट बघत तसाच थांबला. मग वाकून मोजड्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"माज्या तोंडातनं काय पन काढशील गो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि त्यानेच माझी आशा संपली. "घराचं दार माज्या तोंडात नाय."

सकाळी मी वैशाखऱ्याच्या नाक्यावर एसटीची वाट बघत होते. समोर सिद्धगडाकडचे डोंगर स्वच्छ दिसत होते आणि मला त्यांचा उगीच राग येत होता. फोन वाजला. लेकीचा.

"आई!" ती रडत होती आणि हसतही होती. "कोणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय. बाबा सगळ्यांसमोर बोलले. मी दहा वेळा बघितला. आई, मी बॅग भरलीय, बाळाची दुपटीपण घेतलीत. हे स्पेशल रिक्षा घेऊन आलेत, खाली उभी आहे. आम्ही निघू ना?"

हो म्हणावं असं मला वाटलं. देवाशपथ वाटलं. तिला आठ महिने झालेत, तिला दारात उभी बघून तो काय करेल, कदाचित विरघळेल, असंही वाटलं. मग तो विहिरीकडे जाताना आठवला, आणि तिने ते डोळ्यांनी बघू नये एवढंच उरलं.

"ते बाबा नाय बोलले," मी म्हटलं. "ते मी बोलले होते, विंगेतून. त्यांनी फक्त म्हटलं."

पलीकडे रिक्षाचं इंजिन ऐकू येत होतं.

"मग आई," ती म्हणाली, "रिक्षावाल्याला कुठं जायचंय सांगू?"