अ‍ॅबसिंथमध्ये पाणी घालताना

मी परदेशी निघालो तेव्हा माय दारात आली नाही. ती घरामागे भांडी घासत बसली होती. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, बहिणीने डोळे पुसून घेतले, शेजारी "पोचल्यावर फोन करजो" म्हणून मोकळे झाले, तरी हिची पातेली काही संपेनात. शेवटी मीच मागे गेलो. तिने राखेचे हात धुतले, पदराला पुसले आणि बाजूला ठेवलेलं एक फडक्याचं गाठोडं माझ्या हातात दिलं. आत वाळलेली मोहफुलं होती.

"हे कायले माय? तिथं काय करू मी याचं?"

"वास घेजो. अन् आयक, नव्या गावचं पानी एकदम घटाघटा पेऊ नोको. घोटघोट पेजो. पानी अंगाले लागाले टाइम लागते."

एवढं बोलून ती पुन्हा पातेल्याकडे वळली. रडली असेल तर मी गेल्यावर रडली असेल.

तुम्ही जे गावाकडेच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे पुणं, हैदराबाद, दुबई करत कुठे कुठे पांगलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. विषय दारूचा आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी सोपेच्या, म्हणजे बडीशेपेच्या, सरबताबद्दल आहे असं समजून वाचावं, फारसं बिघडणार नाही.

आमचं मूळ गाव वैनगंगेच्या काठी होतं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढायच्या आधी आम्हाला उठवलं आणि उंचावरच्या नव्या वस्तीत प्लॉट दिले. लोकांनी घरांचे कवेलू उतरवले, दारं-चौकटी काढून ट्रॅक्टरवर घातल्या. ट्रॅक्टर सुरू झालेला असताना माय खाली उतरली आणि बिनछपराच्या घरापुढे तिने शेणाचा सडा टाकला. थोड्याच दिवसांत पाणी येणार होतं त्या अंगणात सडा! कोणी हसलं नाही. तिने घमेलं धुतलं आणि मुकाट येऊन सामानावर बसली.

पाण्याखाली घर गेलं त्याचं तिला दुःख होतंच, पण तिचा खरा जीव अडकला होता बांधावरच्या मोहाच्या तीन झाडांत. चैत्र लागला की ती पहाटे टोपली घेऊन निघायची. फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, बरीचशी विकायची आणि थोडी ठेवायची. त्या ठेवलेल्या फुलांची ती वर्षाकाठी मोजून-मापून दारू काढायची. पोळ्याला, किंवा धानाची रोवणी आटोपली की चिखलात दिवसभर वाकलेल्या बायामाणसांना घोट-घोट. स्वतः जिभेवर थेंब टेकवायची तो चव बघायला. आणि पारख एकच. पळीभर दारू चुलीत फेकायची. भक्कन निळा जाळ उठला तर पास. पाहुण्यालाही हा मान होता. त्याने वाटीतले चार थेंब चुलीत शिंपडायचे, जाळ उठला की "वा वयनी!" म्हणायचं. आणि पाणी? मायच्या दारूत पाणी घालणं म्हणजे तिच्या तोंडावर तिला चोर म्हणणं.

नव्या वस्तीत तिने दारू काढली नाही. फुलं नव्हती असं नाही, जुन्या मोहांची शेवटची फुलं तिने फडक्यात बांधून ठेवली होती, शिवाय नाकाडोंगरीकडचा एक नातेवाईक आणून द्यायला तयार होता. तिने नको म्हटलं. त्याहून वाईट म्हणजे तिने प्लॉटवर काहीच लावलं नाही. वस्तीत घरोघरी शेवगे उभे राहिले, पपया लागल्या, आमचं अंगण बोडकंच. साधी तुळस डब्यात होती, उचलून नेता येईल अशी. "लोकाच्या मातीत कायले लावाचं?" म्हणायची. वस्तीचं नाव तिने कधी घेतलं नाही. "कॅम्पात राहून राहिलो" एवढंच सांगायची. मला याचीच काळजी लागून असायची. माझी आई स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी राहत होती, आणि मी तिला तशीच टाकून निघालो होतो.

तुमसरला आयटीआय, मग डिप्लोमा, मग पुण्यात एक कारखाना, आणि तिथून स्वित्झर्लंडमधल्या जुरा डोंगराच्या एका दरीत. घड्याळांचे बारीक भाग कापणाऱ्या यंत्रांवर मी काम करतो. बायको आणि मुलगी वर्षभराने आल्या. आम्ही राहतो ते घर तळमजल्याचं आहे, पुढे चटईएवढी माती. शेजारी ओदेत नावाच्या एकट्या बाई राहतात. मी त्यांना ओदेतबाई म्हणतो. त्यांना वाटतं बाई हे त्यांच्या नावाचंच भारतीय रूप आहे, आणि मी ते तसंच राहू दिलंय.

ही दरी अ‍ॅबसिंथचं माहेर. ते मला इथे आल्यावर कळलं. एका कडू झुडपाची, सोपेची आणि आणखी दहा तऱ्हेच्या पानापाल्याची ही दारू. जवळजवळ शतकभर तिच्यावर बंदी होती आणि तेवढाच काळ ती इथल्या स्वयंपाकघरांत गुपचूप निघत राहिली. ओदेतबाईंची आई कपडे उकळायच्या तपेल्याशेजारी भट्टी लावायची, म्हणजे धूर कशाचा हे कोणी विचारू नये. जंगलातल्या झऱ्यांपाशी दगडाआड बाटली लपवलेली असायची, जाणत्याने घोट घ्यायचा आणि परत ठेवायची. हे ऐकलं आणि मला या दरीत पहिल्यांदा जरा बरं वाटलं. म्हटलं, आपलीच माणसं आहेत की!

म्हणून एका शनिवारी मी बाजारातून अ‍ॅबसिंथ आणली. अनाडी माणसाने निवडावी तशीच निवडली. जिचा हिरवा रंग सगळ्यात भडक आणि कागदावर कवटी छापलेली, ती. घेऊन ओदेतबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, "खिडक्या पुसायला ठेव." मग मला समोर बसवून शिकवणी झाली. खरी हिरवी असते ती पाल्याच्या रंगाने, फिकट, जरा पिवळसर, आणि उजेडात ठेवली की रंग उतरतो. त्यांच्या दरीतली तर बहुतेक पाण्यासारखी पांढरी. मागच्या कागदावर कडू झुडपाचं आणि सोपेचं नाव हवं, रंग टाकल्याचं नको, आत आधीच साखर घातलेली नको. "नवखा असशील तर पांढरी घे, ती तुला घाबरवणार नाही." मग कपाटातून त्यांनी आपली बाटली काढली. त्यांच्या आईच्या हातची रीत, आता रीतसर परवान्याने एक भाचा काढतो.

त्यांनी माझ्या ग्लासात दोन बोटं ओतली. टेबलावर थंड पाण्याची सुरई, जाळीचा चमचा, साखरेची वडी. मला वाटलं आता मान द्यायची पाळी माझी. मी चमच्यात थोडी दारू घेतली, खिशातून काडेपेटी काढली आणि पेटवली. निळा जाळ काय सुंदर उठला! मी "वा!" म्हणून वर पाहिलं तर ओदेतबाई पांढऱ्याफटक. त्यांनी फुंकर मारून जाळ विझवला, चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांच्याकडे हे फक्त टवाळ पर्यटक करतात, चांगल्या दारूची राख करायला. मी घाबरून आणखी घाण केली. त्यांनी सुरई उचलली तसा मी ग्लासावर तळहात ठेवला. "नाही नाही, पाणी नको, तुमच्या आईची आहे ती!" आणि अदबीने सगळी एका दमात घशाखाली उतरवली.

ज्यांनी अ‍ॅबसिंथ कोरी प्यायली नसेल त्यांना काय सांगू? ओठ बधिर, डोळ्यांत पाणी, कानातून वाफ. ओदेतबाईंनी आधी माझ्याकडे रागाने पाहिलं, मग त्यांना हसू आलं, आणि मग त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये मायची चूल, पळी आणि पाण्याचा गुन्हा सांगितला. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्या आईची पारख तिच्या दारूला बरोबर आहे. हिची पारख पाणी. पातळ करायला नाही घालत. हिच्यात जे आहे ते पाण्याशिवाय बाहेर येत नाही."

त्यांनी दुसरा ग्लास भरला, थोडीच ओतली. जाळीच्या चमच्यावर वडी ठेवली. "पांढरीला साखर लागतेच असं नाही, पण तू आत्ताच विस्तव गिळलायस." मग सुरई माझ्या हातात दिली. मी बदकन ओतणार तोच त्यांनी मनगट धरलं. "हळू. थेंब थेंब. एकदम ओतलंस तर ती गप्प बसेल."

मला माय आठवली. घोटघोट पेजो. चार-पाच हजार मैलांवरच्या दोन बाया, एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या, आणि दोघींचं म्हणणं एकच की पाण्याशी घाई करू नको. थेंब पडत गेले. आधी तळाशी धुराची रेघ फिरली, मग सगळा ग्लास दुधाळ झाला, आणि वास आला. सोप, ओला पाला, आणि मागून दवण्यासारखं काहीतरी. दारूच्या तिप्पट-चौपट पाणी झालं तेव्हा त्या थांब म्हणाल्या. पहिला घोट मी घोटभरच घेतला.

निघताना त्यांनी मला कुंपणापाशी नेलं आणि त्या कडू झुडपाचं एक रोप काढून दिलं. रुपेरी पानं. चुरगाळली तर दवण्याचा थोरला भाऊच. "तुझ्या दारापुढे लाव." मी रोप घरी आणलं आणि एका डब्यात ठेवलं. बायको म्हणाली, "समोर माती आहे ना." मी म्हणालो, "आपण काय इथले कायमचे?" आणि माझ्याच तोंडून माय बोलल्यासारखं वाटून मी चपापलो. डबा खिडकीत राहिला.

दुसऱ्या रविवारी मायला व्हिडिओ कॉल लावला. माझे सगळे फोन तिच्या एकाच प्रश्नाने सुरू व्हायचे, "कवा येशीन बाबू?" आणि मी उत्तराची टाळाटाळ करायचो. त्या दिवशी तिने विचारायच्या आत मी ग्लास दाखवला, माझा गाढवपणा सांगितला. ती पोट धरून हसली. मग मी तिच्यासमोर थेंब थेंब पाणी सोडलं. ग्लास दुधाळ झाला तशी ती फोनच्या अगदी जवळ आली.

"नासली का रे?"

"नाई माय. अशीच होते."

"वास गेला असंन मंग."

"गेला नाई. वाढला. पानी पडल्यावरच येते तो."

ती ग्लासाकडे बघतच राहिली. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे पान्यात गेलं म्हनून सारंच गेलं, असं नाई." तिने डोळ्याला पदर लावला. मोह गेले, घर गेलं, त्यानंतर पहिल्यांदाच मी तिला रडताना पाहिलं, आणि मला हायसं वाटलं, खरं सांगतो. मग तिची नजर माझ्या मागच्या खिडकीकडे गेली.

"ते डब्यात काय ठेवून राहिला?"

"रोप आहे, या दारूचंच. शेजारच्या बाईनं देल्लं."

"मंग डब्यात काहून? जमिनीत लाव ना."

"तू लावलं का काही, कॅम्पात?"

मी चिडवायला म्हटलं होतं. तिने फोन बहिणीकडे दिला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही गावी गेलो. गाडी वस्तीत शिरली तेव्हा वेळूच्या काड्यांचं एक गोल कुंपण आमच्या अंगणात दिसलं, वरून बोरीचे काटे लावलेले. आत वीतभर मोह, तांबूस कोवळ्या पानांचा. पावसाळ्याच्या तोंडी तिने नाकाडोंगरीहून टोऱ्या, म्हणजे मोहाच्या बिया, मागवल्या होत्या. सात पुरल्या, एक उगवली. हे मला बहिणीने सांगितलं. माय माझ्या मुलीला घेऊन तिथे बसली होती आणि तांब्याने पाणी घालायला शिकवत होती, बारीक धारेने.

"फुलं कवा येतीन याले?" मी विचारलं.

"लई वर्सं लागते. मले काय भेटतीन? हिले भेटतीन." ती म्हणाली. मग मुलीला, "हळू वो माय, हळू. एकदम नाई."

परत आल्यावर बर्फ वितळेपर्यंत थांबलो आणि ते रोप डब्यातून काढून दारापुढच्या मातीत लावलं. ओदेतबाई काठी टेकत बघायला आल्या, खड्डा उथळ आहे म्हणाल्या, मी आणखी खणला. मोहफुलांचं गाठोडं अजून माझ्या कपाटात आहे. त्याचा वास आता फडक्यात नाक खुपसल्याशिवाय येत नाही, पण येतो.

घर कुठे आहे असं कोणी विचारलं तर मी पूर्वी फक्त नदीचं नाव सांगायचो. आता मला दोन अंगणं सांगता येतात, दोन्हींत कुणीतरी रोज पाणी घालतं. गेल्या रविवारी फोन लावला. "कवा येशीन बाबू?" या प्रश्नाची मी वाट पाहत होतो, उत्तर जुळवून ठेवलं होतं.

"तुयं झाड लागलं का?" मायने विचारलं.

"लागलं माय," मी म्हणालो. "तुयं?"

"माया गावात सगळ्यात उच्चं तेच होनार हाय," ती म्हणाली, आणि वस्तीला तिने गाव म्हटलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.