सर गेले आणि आमच्याकडे पिठलं-भाकरी आली

मी गाव सोडलं त्या दिवशी केमच्या स्टेशनवर मला पोचवायला सात माणसं आली होती. आई, मोठी बहीण, तिची दोन पोरं, शेजारच्या सिंधूकाकू, शाळेतल्या एक बाई, आणि आमच्या गल्लीतला रिक्षावाला, जो सामान उतरवून परत गेलाच नाही. आई कुंकवाच्या कारखान्यातून थेट आली होती, त्यामुळे तिचे हात मनगटापर्यंत लाल. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि गालावर पट्टा उमटला. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या बाईने तो पाहून मला विचारलं, कुठे लागलंय का.

आण्णा, म्हणजे माझे वडील, त्या सातांत नव्हते.

"येत्याल की," आई सारखी म्हणत होती. दुपारच्या गाडीचा सिग्नल पडला तेव्हा तिचा सूर बदलला. "त्यांची वाट बगू नगंस. चढ तू." मी चढले. जेऊर स्टेशन येईपर्यंत दारात उभी होते, कारण माझी अशी समजूत होती की आण्णा सायकल घेऊन फाटकापाशी तरी येऊन थांबले असतील. फाटकापाशी शेळ्या होत्या आणि शेळ्यांचा मालक होता.

आण्णा कुठे आहेत हे मला माहीत होतं. ते टीव्हीवरच्या सरांबरोबर माळावर पोटावर पडून लांडग्याची पिल्लं बघत होते. मी नर्सिंग शिकून आयर्लंडला निघालेली, घराण्यातली पहिली पासपोर्टवाली, आणि माझे वडील लांडग्याच्या पिल्लांकडे. मला भयंकर राग आला आणि तो नऊ वर्षं टिकला.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी रविवारी सकाळी टीव्ही पाहिला आहे त्यांना ते सांगायला नको. मळकी टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि कुजबुजत बोलण्याची सवय. ते कुजबुजायला लागले की आम्ही आवाज वाढवायचो आणि मग मधल्या जाहिरातीने घर दणाणलं की आई आम्हाला झोडपायची. सरांनी वाघ फारसा दाखवला नाही. त्यांचं सगळं प्रेम गवतावर. खोकड, घोरपड, चंडोल, लांडगा. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, असं ते शाळाशाळांतून सांगत फिरायचे, आणि वर म्हणायचे, माळावर झाडं लावू नका, गवत राहू द्या. पर्यावरणवाला माणूस झाडं लावू नका म्हणतो म्हणून आमच्याकडे लोकांनी त्यांची पुष्कळ चेष्टा केली. आमच्या शाळेत वृक्षारोपणाच्या दिवशीच त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. त्यांनी तिथेही तेच सांगितलं आणि खोदलेले खड्डे तसेच राहिले.

आण्णा त्या वेळी सरकारी कुरणावर रोजंदारीने राखणीला होते. लांडगी कुठे व्याली, खोकडाचं बीळ कोणतं चालू आणि कोणतं सोडलेलं, हे त्यांना ठाऊक असायचं. सर स्टेशनजवळच्या हॉटेलात चौकशी करत आले तेव्हा कुणीतरी सांगितलं, सुखदेवला गाठा. सर आमच्या वस्तीत आले आणि दारातून त्यांनी हाक मारली, "सुखदेवराव आहेत का?" गावात आण्णांच्या नावाला राव लावणारा तो पहिला माणूस. आत बसून त्यांनी आमच्या कपातून दोनदा चहा घेतला आणि तिसरा मागून घेतला. ह्याचा अर्थ काय, ते आमच्या वस्तीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून आण्णा सरांचे झाले. आई म्हणायची, "सवत आणली असती तर परवडलं असतं. ती घरात तरी राह्यली असती."

तर असा तो गाव सोडण्याचा दिवस. मी इकडे आयर्लंडातल्या कॉर्कला आले. पहिले तीन महिने आम्ही चार जणी एका घरात राहत होतो. हीटिंग किती वेळ लावायचं, ओला कचरा कोणत्या बिनमध्ये टाकायचा, पेशंट 'आय अ‍ॅम ग्रँड' म्हणाला की त्याला बरं वाटतंय की तो फक्त सभ्यपणे बोलतोय, अशा गोष्टी शिकत होते. एक दिवस बहिणीने सरांच्या कार्यक्रमाची लिंक पाठवली. आण्णा टीव्हीवर आले होते. मी किचनमध्ये उभ्याउभ्या फोनवर लावली. गवतात दोघे शेजारी शेजारी पालथे. समोर बिळातून एक पिल्लू बाहेर, मग दुसरं, मग एकदम दोन. सर कुजबुजून सांगत होते की आई शिकारीला गेली आहे. आण्णांचं तोंड लहान मुलासारखं उजळलेलं. आणि मग मागे, लांब, गाडीचा भोंगा वाजला.

त्या गाडीत मी होते. मी तिथेच फोन बंद केला आणि पुढचं कधी पाहिलं नाही.

तेव्हापासून आण्णांचं आणि माझं बोलणं एका साच्यात चालायचं. आई फोन त्यांच्या हातात द्यायची. "बरं हाय का?" "हो." "थंडी हाय का तितं?" "आहे." "स्वेटर घालत जा." आणि फोन परत आईकडे. नऊ वर्षांत मी दोनदा भारतात गेले, आणि दोन्ही वेळा सोलापूरला बहिणीच्या फ्लॅटवर राहिले. कारण सांगायचे की रजा कमी आहे, बँकेची कामं आहेत. केमला गेले नाही. आण्णा एक दिवस एसटीने यायचे, पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेवर बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. माझ्यासारखे बाहेर पडलेले जे आहेत त्यांना हे हिशेबी वागणं ओळखीचं असेल. लांब गेलं की रुसवा सांभाळणं सोपं जातं. कुणी समोर नसतं, आणि विचारलं तर ड्यूटीच्या रोस्टरवर ढकलता येतं.

गेल्या महिन्यात सर वारले. वाघाने मारलं नाही, साप चावला नाही. पुण्याच्या एका दवाखान्यात न्यूमोनियाने गेले. मी वॉर्डात रोज न्यूमोनिया बघते, त्यामुळे बातमी वाचून मला त्यात चमत्कारिक काही वाटलं नाही. वय झालं होतं, वाईट वाटलं, पुढची बातमी उघडली. त्या दिवशी सुट्टी होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते तेव्हा आईचा फोन आला आणि ती तापलेली होती.

"काय करू ह्या बायांचं? माझी आमटी झालीया, भात झालाया, आन् ह्या पिठलं-भाकरी घिऊन आल्यात!"

मला आधी कळेना. मग तिने सांगितलं. सकाळी टीव्हीवर बातमी लागली तशी आण्णा उठले, डोक्यावरून टॉवेल घेतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. कुणाशी बोलेनात. डोक्यावर टॉवेल घेऊन माणूस ओट्यावर बसला की आमच्याकडे एकच समजतात. सिंधूकाकूंनी लांबून पाहिलं, घरात जाऊन पिठलं टाकलं, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही आणि पहिला घास शेजाऱ्यांनी द्यायचा असतो. टोपलं घेऊन दारात आल्यावर त्यांनी विचारलं, कोण गेलं? आण्णांनी सांगितलं. एखाद्या बाईने टोपलं उचलून परत नेलं असतं. सिंधूकाकू म्हणाल्या, "मंग बरोबर हाय की. तुमचंच माणूस हुतं," आणि टोपलं ठेवून त्यांच्याशेजारी बसल्या. दुपारपर्यंत आणखी तीन घरांतून आलं. शेवटचं आलं ते वेशीच्या आतल्या घरातून. त्या घराने आमच्या दारात ह्याआधी कधी काही आणून दिलेलं नव्हतं.

"मंग तू काय केलंस?" मी विचारलं. बोलता बोलता माझीही भाषा गावाची होते.

"काय करणार? ग्यास बंद केला. आमटी म्हशीला घातली. त्येंनी खाल्लं बाई दोन घास, सिंधीनं भरवल्यावर."

मी हसले. नंतर मला माझंच हसणं आवडलं नाही. चार घरच्या बायांना जे कळलं ते मला कळलं नव्हतं. माझ्या वडिलांचं माणूस गेलं होतं आणि मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

त्या दिवसांत जो तो सरांच्या कार्यक्रमांचे तुकडे पाठवत होता. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी आपल्या गावचा म्हणून तो लांडग्याचा तुकडाही टाकला. मी बसून पाहिला. पिल्लं बाहेर आली, सर कुजबुजले, भोंगा वाजला. ह्या वेळी मी बंद केला नाही.

भोंगा वाजल्यावर आण्णांनी पिल्लांवरची नजर काढली. मान वळवली ती स्टेशनच्या दिशेला, आणि तशीच ठेवली. कॅमेऱ्यात त्यांचा फक्त कान आणि पिकलेले केस दिसतात.

"काय झालं?" सर कुजबुजले.

"काय न्हाय. लेक चालली."

"कुठे?"

"इमानानं जायची हाय. लई लांब."

मग ज्या माणसाने आयुष्यभर जनावरासमोर आवाज चढवला नाही तो चांगला मोठ्याने म्हणाला, "अहो, मग तुम्ही इथं काय करताय?" आणि चारही पिल्लं एका झटक्यात बिळात. चित्रीकरणाचा बोऱ्या वाजला. तरी सरांनी तो भाग कापला नाही, तसाच दाखवला. सबंध महाराष्ट्राने तो बघितला होता, मी सोडून.

मी फोन केला. आईने उचलला. म्हटलं, आण्णांना दे, आणि घाई करू नको.

"बरं हाय का?" आण्णा म्हणाले. "थंडी..."

"आण्णा, थंडीचं राहू द्या. तुम्ही स्टेशनवर का आला नाहीत?"

त्यांनी कोणत्या दिवशी वगैरे विचारलं नाही. "सरांना म्या सांगितलंच न्हवतं तू चाललीस म्हून," ते म्हणाले. "मला वाटलं, गाडी निगंल तवा पिल्लं बगत असलो तर मला कळायचं न्हाय." मग म्हणाले, "कळलं की पर."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आण्णांनी ऐकून घेतलं. ते मग सरांचं सांगायला लागले. माळावर सरांनी त्यांना सोपवलेली दुर्बीण अजून आहे, एका डोळ्याला धुरकट दिसतं. सरांकडून वर्षाला एक पत्र यायचं, त्यात बिळांची चौकशी. दुसऱ्या दिवशी आण्णा अंत्यदर्शनाला पुण्याला गेले होते, हे तेव्हा मला कळलं. आईला मामाकडे जातो सांगून गेले होते.

"त्येंची पोरगी परदेशात असती," आण्णा म्हणाले. "ती इमानात हुती म्हणं, तवर हितं सगळं उरकलं. आली ती बूट बी न काढता फोटोम्होरं हुबी. कुणाकडं बगावं कळंना तिला. आमी सगळे परके. तिचा बाप वळकणारी दोनशे माणसं, आन् तिला एक बी वळखीचं न्हवतं."

त्या मुलीच्या जागी उभं राहणं मला अवघड नव्हतं.

"तू तसं करू नगंस," ते म्हणाले.

"कसं?"

"माज्या मयताला पळत येऊ नगंस. तवा मला काय कळणार हाय? मी जिता हाय तवर ये. आन् सोलापुरात न्हाय, हितं ये."

ज्यांना मी मागे ठेवून आले ते विचारतात, तिकडं करमतं का. करमतं. माझं घर इथे आहे, त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, शेजारीण माझी कुंडी सांभाळते. मी परत कायमची येणार नाही, हे आण्णांनाही माहीत आहे आणि त्यांनी ते मागितलेलंही नाही. पण केममध्येही एक घर आहे, आणि तिथे जायला मी नकळत एकाच निमित्ताची वाट बघत होते. ते निमित्त काय, हे त्या फोननंतर मला कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीच्या हँडओव्हरनंतर मी आमच्या वॉर्डच्या इनचार्ज बाईंकडे तीन आठवड्यांची रजा मागितली, तीही लगेच. इथे अशी अचानक रजा कुणी मागितली की त्यांना कारण ठाऊक असतं. बाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, घरी कुणी वारलंय का?

नाही, मी म्हटलं. वडील बरे आहेत, म्हणून जायचंय.