जलील मास्तरांचा चार मजली ताबूत

भोरात भित्र्या माणसांचा तसा तुटवडा नव्हता. कुणी फौजदाराला भ्यायचं, कुणी भुताला, बरेचसे बायकोला. पण ही मंडळी एकेका गोष्टीला भिऊन थांबायची. जलील ड्रॉइंगमास्तरांचा असा पक्षपात नव्हता. पाल, पावसाळ्यातली नीरा, शाळा तपासायला येणारे साहेब, शेजारचा कोंबडा, सगळ्यांना ते सारखेच भ्यायचे. कंपासची सुई बोटात घुसेल म्हणून तिच्या टोकाला बुचाचा तुकडा खोचलेला असायचा. फळ्यावर वर्तुळ काढायला बूच काढलं, की मास्तरांचा चेहरा दाढ उपटून घेणाऱ्या माणसासारखा व्हायचा.

वर्तुळ मात्र असं उतरायचं की चंद्राने येऊन मापं घ्यावीत. ड्रॉइंगच्या परीक्षा त्यांनी पुण्याला जाऊन दिल्या होत्या, आणि तिथून प्रमाणाचं वेड घेऊन आले होते. त्यांना माणसं दिसायची ती चौकोन-त्रिकोणांत. "कोंडिबा, तुझ्या खांद्यांना शोभेल असं डोकं तुला दिलेलं नाही बघ," असं ते आळीतल्या कोंडिबा पैलवानाला अत्यंत कळवळ्याने सांगत. कोंडिबा म्हणे, "आसूं द्या मास्तर, वापर बी कमीच हाय."

मोहरमचा ताबूत मास्तरांच्या घरी बांधला जायचा. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, बेगड, खळ. बापजाद्यांपासूनचं काम. ताबूत असायचा तीन मजली, उचलायला आळीतली हिंदू-मुसलमान सगळी मंडळी, आणि शेवटच्या दिवशी नीरेवर नेऊन तो थंड करायचा, म्हणजे पाण्यात सोडायचा, हा रिवाज.

छत्तीस सालच्या सुमाराला फुलं विकणाऱ्या रतनबाईंनी ताबुताला नवस केला. लेकरू झालं तर एक मजला वाढवीन. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेलेली, त्यामुळे मास्तरांनी हा नवस फारसा मनावर घेतला नव्हता. पण रतनबाईंना मुलगी झाली. बाळंतपणातून उठल्या त्या थेट मास्तरांच्या दारात.

"मास्तर, चार मजली पायजे. माज्या लेकीचा सवाल हाय."

मास्तर घाबरले. नाही म्हणायला घाबरले, म्हणून हो म्हणाले.

मग त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम केलं. खराट्यातल्या हिराच्या काड्या घेऊन हातभर उंचीचा नमुना बांधला. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा ठरलेल्या प्रमाणात लहान, जाळीत षट्‌कोनाला षट्‌कोन चिकटलेला, वर घुमट. नजर पायापासून निघायची ती न अडखळता टोकाला पोचायची. आळी बघायला लोटली. कोंडिबाने घुमटावर एक अख्खा नारळ ठेवला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. नमुना हललाही नाही.

"नारळ पेलला! मंग मोठा तर हत्ती पेलंल!" कोंडिबा म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं. मास्तरांनाही पटलं, हीच तर गंमत. त्यांनी नमुन्याचं प्रत्येक माप सारख्याच पटीने वाढवलं. काडीच्या जागी तेवढ्याच पटीने जाड मेसाची, म्हणजे बांबूची, काठी. मेसाच्या काठ्या वेल्ह्याच्या बाजारातून आणल्या. कुठे म्हणून प्रमाण ढळू दिलं नाही.

ताबूत उभा राहिला तेव्हा माणसं मान मागे टाकून पागोटी सावरत बघायला लागली. रतनबाईंनी लेकीला त्याच्यासमोर धरलं आणि रडल्या. मास्तर मात्र पायथ्याशी उकिडवे बसले होते. कोपऱ्याच्या काठीतून त्यांना एक आवाज आला होता. कर्र.

त्यांनी काठीला कान लावला. पुन्हा कर्र.

घरात येऊन ते नमुना मांडीवर घेऊन बसले. जाहिदाबी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपाशी होत्या.

"काय झालं? पाल आहे का?"

"जाहिदा, लांबी वाढवली, रुंदी वाढवली, उंची वाढवली. वजन तिन्ही अंगांनी वाढलं गं. काठीची ताकद फक्त जाडीची, ती दोनच अंगांनी वाढली. उंदीर हत्तीएवढा केला ना, तर तो हत्ती होत नाही. त्याच्याच वजनाने त्याचे पाय मोडतात."

जाहिदाबींना उंदीर-हत्ती कळले नाहीत, पण नवऱ्याच्या घाबरण्याचे प्रकार त्यांना पाठ होते, आणि हा प्रकार त्यांतला नव्हता. एरवी ते घाबरले की बडबडायचे. आज हळू बोलत होते. त्या म्हणाल्या, "मग सांगा जाऊन."

"काय सांगू? मजला काढला तर नवस मोडतो. रतनबाईंच्या लेकीला उद्या साधी शिंक आली तरी माझ्यामुळे. आणि नाही काढला तर..."

ताबुताखाली आळीतली सगळी तरणी माणसं असणार होती.

मास्तरांनी गुपचूप जिथे तिथे सुतळ्या आवळल्या, आडव्या कामट्या ठोकल्या, आणि त्या प्रत्येक कामटीने वजन थोडं आणखी वाढवलं.

शेवटच्या दिवशी ताबूत उठला. ताशे असे कडाडत होते की शेजाऱ्याला शेजाऱ्याचं ऐकू येईना. मास्तर त्या कोपऱ्याला हात लावून चालले होते. आवाज त्यांना आता कानाने नाही, तळव्यातून येत होता. सपाट रस्ता होता तोवर निभलं. पुढे नदीचा उतार लागणार होता, आणि उतारावर सगळा भार पुढच्या दोन काठ्यांवर येणार होता. त्यातल्या एका काठीला उभी चीर गेलेली मास्तरांनी बोटाने चाचपली. त्या काठीच्या बरोबर खाली कोंडिबाचं ते न शोभणारं डोकं होतं.

"खाली ठेवा!" मास्तर ओरडले. ताशांत कुणालाच ऐकू गेलं नाही. "अरे, खाली ठेवा!" कोंडिबाने हसून मान डोलावली. त्याला वाटलं, मास्तर वाहवा म्हणताहेत.

उताराचं तोंड आलं. मास्तर पळत पुढे गेले आणि रस्त्यात आडवे पडले.

अंग थडथड उडत होतं, दात वाजत होते, टोपी कुठे गेली ते कळेना. ताशे एकदम थांबले. आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "सवारी आली! मास्तरांना सवारी आली!"

मोहरमात सवारी आलेला, म्हणजे अंगात पीर संचारलेला, माणूस असाच थरथरतो, हे भोरात सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर असे जन्मभर थरथरत आले होते, हे त्या घटकेला कुणालाच आठवलं नाही. लोकांनी हात जोडले. ऊद फिरला.

"सवारी नाही," मास्तर रडवेले होऊन म्हणाले. "भ्यालोय मी. तो पडणार आहे."

"व्हय महाराज," लोक म्हणाले. "हुकूम सांगा."

"अरे महाराज कुठला! जलील आहे मी!"

"व्हय महाराज."

मास्तरांनी हात टेकले. "वरचे दोन मजले उतरवा. वेगळे न्या."

रतनबाई लेकीला घेऊन पुढे आल्या. त्यांना बघून मास्तरांनी डोळेच मिटले. पाल परवडली असती.

"चार मजले बोलले व्हते म्या," रतनबाई म्हणाल्या. "एकावर एक, आसं कवा बोलले?"

दोर सुटले. वरचे दोन मजले दुसऱ्या खांद्यांवर गेले, आणि भोरात त्या साली एकाच्या मागे एक असे दोन ताबूत नदीला निघाले. मास्तर पुढच्या ताबुताच्या कोपऱ्याला हात लावून उतार उतरले. काठीवरून तळवा त्यांनी एकदाही उचलला नाही.

पाण्याच्या काठाला खांदे मोकळे झाले. ताबूत टेकला, आणि टेकल्या टेकल्या पुढची काठी फाटकन तुटली. दोन्ही मजले दमलेल्या बैलासारखे गुडघ्यावर बसले आणि कोंडिबा मघाशी जिथे होता तिथे कलंडले. कोंडिबाने त्या जागेकडे बघितलं. मग तो मास्तरांजवळ आला. ते वाळूत बसले होते, अजून थरथरत.

"मास्तर, खरं सांगा. सवारी न्हवती ना?"

"मघापासून तेच सांगतोय रे."

कोंडिबाने आपलं मुंडासं सोडलं, मास्तरांच्या खांद्यांवर पांघरलं, आणि त्यांना चिकटून खाली बसला.

"जरा सरका," तो म्हणाला. "मला आत्ता भ्या वाटाया लागलंय."