बघ्यांना हाकलणारा साडभाऊ

माझ्या साडभावाइतका डोक्यात जाणारा भला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. हा माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अकोल्याला कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो आणि माणूस माणसावर हात का उगारतो, याचं संशोधन करतो. मी अमरावतीच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवतोय. माझ्याबद्दल सासूबाई कुणाला काही सांगत नाहीत. त्याच्याबद्दल मात्र दर्यापूरच्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगतात.

सुटीत लोक चिखलदऱ्याला जातात, हा भांडणं बघायला बस स्टँडवर जाऊन बसतो. मारामारी करून आलेल्याला चहा पाजून विचारतो, "हात उचलाच्या आधी मनात काय आलं होतं?" आणि ते सांगतातही. मला पोरं साधे पाढे सांगत नाहीत. त्याचं म्हणणं असं की, चार लोकांपुढे माघार घेववत नाही म्हणून माणूस मारतो. तेव्हा हा भांडणाऱ्यांना धरत नाही, बघ्यांना हाकलतो. बडनेरा स्टेशनबाहेर दोन ऑटोवाल्यांनी एकमेकांची कॉलर धरली, तर हा गर्दीला म्हणाला, "चला, चाय माह्याकडून." गर्दी गेली. मिनिटभराने ते दोघंही आले, "आमाले नाही का?" म्हणत. मीही तिथे होतो. मलाही चहा मिळाला, पण गोड काही लागला नाही.

मागच्या दिवाळीत सासरची मंडळी आमच्याकडे जेवायला होती. भर पंगतीत माझा मुलगा म्हणाला, "मी इंजिनिअरिंग सोडतो. काकासारखं मानसशास्त्र शिकतो." ते 'काकासारखं' मला मिरचीसारखं झोंबलं. मी ताटावरून उठलो आणि हात उगारला. माझा हात त्याला नवा नव्हता. शाळेत तो माझ्याच वर्गात होता; मास्तर पोटच्या पोराला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये, म्हणून चाळीस पोरांपुढे त्याला दोन छड्या जास्तच पडत.

साडभाऊ सावकाश उठला. "चला सगळे, अंगणात हात धुवाले," म्हणत त्याने सासूबाईंसकट अर्धवट जेवलेली पंगत बाहेर नेली. खोलीत आम्ही बापलेक उरलो.

"मारा ना बाबा. आता काहून थांबले?" पोरगा म्हणाला.

हात आपोआप खाली आला.

मुलगा आता अकोल्याला त्याच्याकडेच राहून शिकतो. परवा रविवारी गेलो होतो. साडभावाने जाता जाता त्याच्या केसांतून हात फिरवला. पोराने पुस्तकातून मानही वर केली नाही. थोड्या वेळाने मी पंखा लावायला त्याच्या डोक्यावरच्या बटणाकडे हात नेला, तर त्याने चटकन मान खांद्यात घेतली. मग स्वतःच ओशाळून म्हणाला, "लावा ना बाबा, गरम होऊन राहिलं." मी पंखा लावला.

साडभावाचं संशोधन, त्याचं नाव, सासूबाईंचं कौतुक, सगळं त्याला लखलाभ होवो. माझा हात जवळ आला तरी पोराने तसंच वाचत राहावं, एवढंच मला त्याच्यासारखं हवं आहे.